इटालियन सिनेमात कालाब्रिया म्हणजे फक्त माफिया आणि शेळ्याच का?

तुम्ही विचारलंय, पडद्यावर दिसतो तसाच कालाब्रिया, म्हणजे इटलीच्या दक्षिण टोकाचा प्रांत, खरा आहे का. उत्तर इटलीतल्या तोरिनोत शिकायला होतो तेव्हा याच विषयावरून माझं कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून लिहितो.

फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. एक रेज्जो कालाब्रियाचा, एक तोरिनोचाच, आणि मी लातूरचा. कालाब्रियावाल्याला घरून पार्सल यायचं. ब्राउन टेपनं आवळलेलं खोकं, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बरण्या आणि न्दुया, म्हणजे पावावर फासून खायचं डुकराचं लालभडक, तिखटजाळ सॉसेज. त्यातली निम्मी तोरिनोवाला फस्त करायचा आणि तोंड पुसता पुसता याला ‘तेर्रोने’ म्हणायचा. उत्तरेतले लोक दक्षिणेतल्यांना हिणवायला वापरतात ती शिवी. वर म्हणे, गंमत रे!

एका रात्री ‘आनिमे नेरे’ (2014) लावला. कालाब्रियातल्या अफ्रिको गावच्या तीन भावांची गोष्ट. बोली अशी, की खुद्द इटालियन माणसाला सबटायटल्स लागतात. तोरिनोवाला ती वाचून हसत होता. संपल्यावर म्हणाला, ‘‘बघा, मी सांगत होतो ना?’’ मी उसळलो. अरे, त्यातला एक भाऊ मिलानमध्ये सुटाबुटात राहतो, त्याचा धंदा ड्रगच्या पैशावर उभा आहे, ते नाही दिसलं? शेळ्या राखणारा तेवढा दिसला? ज्याच्यासाठी भांडत होतो तो मात्र गपगुमान भांडी घासत होता. पुण्यात हॉस्टेलवर माझ्या ‘काय करलालास’ची नक्कल व्हायची तेव्हा मीही असाच गप्प बसायचो, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला असेल.

तर, न्द्रांगेता, म्हणजे कालाब्रियाची माफिया, आहेच, ती दाखवू नका असं कुणीच म्हणणार नाही. मला चीड येते ती ‘क्वालुंक्वेमेंते’सारख्या (2011) कॉमेडीची. लाचखाऊ, बाईलवेडा कालाब्रियन पुढारी, आणि तो रंगवणारा आंतोनिओ आल्बानेझे जन्मानं उत्तरेतल्या लोम्बार्दीचा! (आईवडील सिसिलीचे, हे सांगायला हवं. रोख सगळ्या इटलीच्या राजकारणावर होता असंही म्हणतात. असेल. हशा मात्र उच्चारावर पिकतो.)

त्यापेक्षा ‘आ चांब्रा’ (2017) बघा. कालाब्रियातल्याच ज्योया ताउरो गावातलं एक रोमा (जिप्सी) कुटुंब त्यात स्वतःचीच भूमिका करतंय. चोऱ्यामाऱ्या त्यातही आहेत, पण कुणाचा नमुना केलेला नाही.

आणि ‘इल बुको’ (2021). 1961 साली पिएमोंतेहून (तोरिनो त्याच प्रांतातलं) आलेली पोरं कालाब्रियातल्या पोल्लिनोच्या डोंगरातल्या सुमारे 700 मीटर खोल गुहेत उतरली, त्याची गोष्ट. गावकरी तेव्हा टीव्हीवर मिलानचा गगनचुंबी पिरेल्ली टॉवर बघतायत. संवाद जवळजवळ नाहीतच. त्या तोरिनोवाल्याला मी हा मुद्दाम मेसेज करून सुचवला. ‘‘फार संथ आहे,’’ म्हणाला. वाटणारच, हसायला सबटायटल्स कुठे होती?