डायमेन्शनवर हाताने आकडा लिहिलाय का, ते आधी बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी फाइल डोळ्यांसमोर आली. ड्रॉइंगमधली भिंत स्ट्रेच केली (ओढून लांबवली), तिच्यावरची काही मापं, म्हणजे डायमेन्शन, बदलली, काही जागची हलली नाहीत, आतल्या मापांची बेरीज बाहेरच्या एकूण मापाशी जुळत नाही, आणि आता ऑटोकॅड हा ड्रॉइंगचा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकू का, असं तुम्ही विचारताय. एवढ्यात टाकू नका.

लेयर, ऑर्थो (रेषा फक्त आडवी-उभी काढू देणारी सोय), ऑस्नॅप या नेहमीच्या गोष्टी तुम्हाला येतायत हे दिसतंच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. न हललेल्या एका मापावर क्लिक करा आणि कंट्रोल-१ दाबून प्रॉपर्टीज उघडा. टेक्स्टच्या गटात 'टेक्स्ट ओव्हरराइड' अशी ओळ आहे. ती रिकामी हवी. तिथे आकडा असेल तर तो कुणीतरी हाताने टाइप केलेला आहे, आणि रेषा कितीही हलवली तरी तो बदलणार नाही. त्याच गटात 'मेझरमेंट' म्हणून दिसतं ते रेषेचं खरं अंतर. दोन्हींत फरक दिसला की तुमचा आजार सापडला.

आता माझं काय झालं ते सांगतो, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान याच एका सवयीने केलं.

एक खोली मोजली होती. तीन भिंती ४०००, ३०००, ३००० मिलिमीटर आणि चौथी, ४००० वालीच्या समोरची, ३९६३. ऑर्थो चालू ठेवून काढल्यामुळे खोली अर्थातच अचूक चौकोनी आली आणि चौथ्या भिंतीवर ४००० दिसायला लागलं. खोली काटकोनात नाही हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. पण घाई होती. मी मापावर डबल क्लिक केलं, ४००० खोडून ३९६३ लिहिलं आणि पुढे गेलो. कागदावर बरोबर, टेपवर बरोबर. फाइलमधली रेषा मात्र ४००० चीच राहिली. पुढच्या काही आठवड्यांत अशी आणखी बरीच मापं 'दुरुस्त' केली. नंतर मोजली तेव्हा चौदा निघाली.

पुढे एक भिंत सरकवायची वेळ आली आणि तुमच्यासारखंच झालं, निम्मी मापं बदलली, निम्मी गोठलेली. हाताने लिहिलेलं मी तोवर साफ विसरलो होतो. प्रोग्रॅम बिघडला असं वाटून एका मदतकेंद्राकडे तक्रार नोंदवली. नाव लिहीत नाही, कारण इथे नावाने फरक पडत नाही. पहिलं उत्तर आलं, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. केला. दुसरं, सेटिंग मूळ स्थितीला न्या. नेली, आणि माझी जमवलेली टूलबार आणि शॉर्टकट सगळे पुसले गेले. तिसरं, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका. तेही केलं. नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत 'फाइल पाठवा, बघतो' असं एकानेही म्हटलं नाही. शेवटी 'ही फक्त स्क्रीनवर दिसण्यातली अडचण आहे, ड्रॉइंग ठीक आहे' असं लिहून तक्रार निकाली काढली.

मी त्यावर विश्वास ठेवला. ड्रॉइंग ठीक आहे म्हणतायत तर फाइल पुढे जाऊ दे, म्हणून भिंतभर कपाटासाठी ती बनवणाऱ्याकडे पाठवली. त्यांनी रीतीप्रमाणे लांबी फाइलमधल्या रेषेवरून घेतली. छापलेला आकडा कुणी वाचत बसत नाही, कापणाऱ्या मशीनला रेषाच कळते. त्यात त्यांची काहीच चूक नाही. कपाट आलं ते भिंतीपेक्षा मोठं. बिजागऱ्यांची भोकं पाडून झालेली, कडा चिकटवून झालेल्या. दोन बाजूंच्या पट्ट्या आणि चार दरवाजे नव्याने करावे लागले. सगळा घोळ सदतीस मिलिमीटरचा. तो राग अजून गेलेला नाही. चूक माझीच होती, हे मान्य. पण एकाने जरी फाइल उघडून त्या मापावर क्लिक केलं असतं तरी कपाट वेळेत वाचलं असतं. म्हणून माझं ठाम मत सांगतो: फाइल न मागता रीइन्स्टॉल करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

डायमेन्शनवर आकडा टाइप करायचाच नाही, कधीच नाही. 'तात्पुरतं' म्हणूनसुद्धा नाही, कारण तात्पुरतं काय केलं ते महिन्याने आठवत नाही. 'अंदाजे' किंवा 'जागेवर तपासा' असे शब्द जोडायचे तर जोडा, मूळ आकडा तसाच ठेवून. रेव्हिट या इमारतींच्या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये तर मापाच्या जागी नुसता आकडा लिहूच देत नाहीत, एरर येते. आधी मला त्याचा वैताग यायचा, आता पटतं. स्केचअप या थ्री-डी प्रोग्रॅममध्ये मात्र लिहिता येतं, त्यामुळे तिथेही हीच खबरदारी घ्या.

माप जुळत नसेल तर रेषा बदला, आणि त्यासाठी कर्ण मोजा. चारही भिंती मोजून खोलीचा आकार कळत नाही. ३००० आणि ४००० च्या काटकोनी खोलीचा कर्ण ५००० यायला हवा. माझ्या खोलीत एक कर्ण ५००० होता आणि दुसरा ४९७०, म्हणजे एक भिंत जेमतेम पाऊण अंशाने आत कललेली. डोळ्याला ते दिसत नाही, पण तीन मीटरमध्ये तेवढ्यानेच ३७ मिलिमीटर जातात. काढताना ४००० ची रेषा घ्या, एका टोकावरून ४९७० त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्या टोकावरून ३००० चं. ती छेदतात तो तुमचा तिसरा कोपरा. चौथा तसाच, फक्त पहिल्या टोकावरून ३००० आणि दुसऱ्यावरून ५००० घ्या. मग चौथ्या भिंतीवर ३९६३ आपोआप येतं, लिहावं लागत नाही. मोजताना भिंत प्लास्टरसकट धरली की विटेपासून, तेही वहीत लिहून ठेवा.

ओव्हरराइडची ओळ रिकामीच निघाली तर वर जनरलच्या गटात 'असोसिएटिव्ह' पुढे 'नो' आहे का बघा. तसं असेल तर माप भिंतीला बांधलेलंच नाही. डिमरीअसोसिएट कमांडने ते पुन्हा जोडता येतं, आणि नव्या मापांसाठी डिमअसोक हे सेटिंग २ वर ठेवा. ० असेल तर मापाच्या सुट्या रेषा आणि अक्षरं होतात, मग जोडायला काही उरत नाही. ती पुसून नव्याने टाकावी लागतात.

विषय निघालाच आहे तर एक जाता जाता. डायमेन्शन स्टाइलच्या प्रायमरी युनिट्समध्ये दशांश शून्य ठेवला की २९९६.८३ चे २९९७ दिसतात, पण रेषा २९९६.८३ चीच असते. असे तुकडे जमून बेरजेत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक येतो. तो दोष नाही, त्यासाठी आकडे खोडू नका. तपासताना दशांश दोन ठेवा. आणि मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येत असतील तर टेक्स्ट स्टाइलमध्ये एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा) फॉन्ट काढून मंगल किंवा निर्मला घ्या. त्यालाही रीइन्स्टॉल लागत नाही.

मी आर्किटेक्ट नाही, स्वतःच्या कामापुरतं शिकलेला माणूस आहे. तुमच्या आवृत्तीत मेन्यूची जागा वेगळी असू शकते. शिवाय सरकवताय ती भिंत भार घेणारी असेल, तर ड्रॉइंग कितीही जुळलं तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता फाइलची कॉपी करा आणि त्या कॉपीत एकेक माप तपासा. ज्यात ओव्हरराइड सापडेल तिथला हाताने लिहिलेला आकडा आधी वहीत उतरवून घ्या, मग ती ओळ रिकामी करा. उतरवल्याशिवाय पुसू नका, कारण जागेवर टेपने घेतलेलं खरं माप बहुतेक तेच असेल. किती निघाली ते इथे लिहा. कर्ण मोजलेत तर तेही टाका, कोपरे बसवून बघू.