पडद्यावर एक, फाइलीत दुसरं

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही फाइली पाहिल्या. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन्हींत हुबेहूब सारखा दिसतो, पण शोधायला गेलं की एकीत सापडतो आणि दुसरीत नाही. त्यापायी तुझे तीन दिवस प्रोग्रॅम उलटसुलट करण्यात गेले. प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. फाइलीच वेगळ्या आहेत. एडिटर बाइटांची, म्हणजे फाइलीत साठवलेल्या आकड्यांची, अक्षरं करून आपल्याला दाखवतो आणि त्या रूपांतरात नेमका फरक झाकला जातो. म्हणून शंका आली की आधी बाइट बघायचे, कोडला हात नंतर.

सुरुवात एका शब्दाने कर. टर्मिनलमध्ये एको कमांडने ‘मराठी’ छाप आणि ते पाइपमधून एक्सएक्सडीकडे, म्हणजे बाइट दाखवणाऱ्या साधनाकडे, पाठव. सोबत वजा जी आणि १ हा पर्याय दे, म्हणजे बाइट सुटे सुटे दिसतील. (बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत दिसतात. त्यातली अक्षरं मी इथे देवनागरीत लिहितोय, पडद्यावर ती रोमन असतील.)

ई० ए४ एई ई० ए४ बी० ई० ए४ बीई ई० ए४ ए० ई० ए५ ८० ०ए

एक्सएक्सडी एका ओळीत १६ बाइट दाखवतं, आणि आपला शब्द बरोबर एका ओळीत मावला. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) प्रत्येकी ३ बाइट, आणि शेवटचा ०ए म्हणजे एकोने जोडलेली नवी ओळ. उजवीकडे नुसते ठिपके दिसतील. तो रकाना फक्त आस्कीतली, म्हणजे इंग्रजीसाठीच्या जुन्या संचातली, छापता येणारी अक्षरं दाखवतो, त्यामुळे ठिपके पाहून फाइल बिघडली असं समजू नकोस.

आता नीट बघ: चार चिन्हं ई० ए४ ने सुरू होतात, वेलांटी मात्र ई० ए५ ने. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, देवनागरीच्या मुख्य गटासाठी १२८ जागा आहेत, आणि यूटीएफ-८ च्या शेवटच्या बाइटमध्ये ६४ किमतीच मावतात. म्हणून आपली लिपी दोन भागांत विभागली जाते, आणि दीर्घ वेलांटी ही दुसऱ्या भागातली अगदी पहिली, म्हणून तिचा शेवट ८०. हे एकदा कागदावर स्वतः मांडून बघ. मग देवनागरी बाइट वाचताना कोड्यात पडल्यासारखं होणार नाही.

आता तुझा शब्द. पहिल्या फाइलीत ‘दुसऱ्या’ २१ बाइटांचा आहे, दुसरीत २४ बाइटांचा. पहिलीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, ई० ए४ बी१, आणि त्यापुढे हलन्त, ई० ए५ ८डी. दुसरीत साधा र, ई० ए४ बी०, मग तोच हलन्त, आणि त्यानंतर ई२ ८० ८डी. हे शेवटचे तीन बाइट म्हणजे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. त्याला स्वतःचं रूप नाही, पण त्याच्यामुळे रफार न होता तोच अर्धा र उमटतो. दोन्ही लेखनं युनिकोडला मान्य आहेत, आणि नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं सारखी करणं) त्यांना एक करत नाही. तेव्हा तुलनेआधी दुसरं रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ तुलाच लिहावी लागेल. तेवढं केलंस की तुझा शोध चालेल.

एका सापळ्याबद्दल सावध करतो, कारण त्यात माझी अख्खी रात्र गेली होती. हेक्सडंप हे बाइट दाखवणारं दुसरं साधन काही पर्याय न देता चालवलं की ते दोन-दोन बाइटांची एक संख्या करून दाखवतं. आपल्या नेहमीच्या संगणकांवर कमी किमतीचा बाइट आधी साठवला जातो, म्हणून ई० ए४ चं ए४ई० दिसतं आणि सगळं उलटं वाटतं. वजा आणि कॅपिटल सी हा पर्याय कायम दे. ओडी हे याच कामाचं, १९७१ सालच्या पहिल्या युनिक्सपासूनचं साधन आहे आणि जिथे दुसरं काही नसेल तिथेही बहुधा सापडतं, पण मुळात ते ऑक्टल, म्हणजे आठाच्या पायावरचे आकडे, दाखवतं. त्याला वजा टी आणि एक्स१ सांग.

फाइलीच्या पहिल्या बाइटांवर माझं विशेष प्रेम आहे. पीएनजी चित्र ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए ने सुरू होतं. यातला एकही बाइट उगाच नाही. वाटेत कोणी आठवा बिट कापला तर ८९ बिघडतो. कोणी ओळींचे शेवट बदलले तर ०डी ०ए किंवा शेवटचा ०ए मोडतो. म्हणजे फाइल पोहोचताना काय झालं याची साक्ष पहिल्या आठ बाइटांतच मिळते. सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ दिसलं तर ती यूटीएफ-८ ची खूण. तक्त्याची फाइल वाचताना पहिल्या स्तंभाचं नाव जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा नावाला चिकटलेली ती न दिसणारी खूणच कारण असते.

एक्सएक्सडी वजा आर दिल्यावर हेक्सवरून परत फाइल बनवतं. ते वापरण्याआधी मूळ फाइलीची प्रत काढून ठेव.

पुढच्या वेळी अडलं तर स्क्रीनशॉट पाठवू नकोस. शब्दाभोवतीच्या दोन-तीन ओळींचा हेक्स मजकूर पाठव, आणि त्यातला कोणता बाइट तुला खटकतोय तेही लिही.