उणे ८९० उष्णता बाहेर पडली?

राजारामपुरीत अकरावी-बारावीचे क्लास घेणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की मिथेन जळतानाची एन्थाल्पी (अभिक्रियेत उष्णता किती आत गेली की बाहेर पडली याचा हिशेब, बाहेर पडली की उणे) उणे ८९० किलोज्यूल प्रति मोल देतात, मग मराठीत "उणे ८९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडली" म्हणायचं का, आणि बाहेर पडली, मुक्त झाली, तयार झाली यातलं बरोबर कुठलं.

ताई, "उणे" आणि "बाहेर पडली" एका वाक्यात नको. जे काम चिन्ह करतंय तेच मराठीत क्रियापद करतं, दोन्ही घातलं की उष्णता आत गेली असा उलटाच अर्थ निघतो. एकतर "एन्थाल्पीतला बदल उणे ८९०" म्हणा नाहीतर सरळ "८९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडली". "मुक्त झाली" पण बरोबरच आहे, जरा पुस्तकी एवढंच. "तयार झाली" मात्र पेपरात लिहू देऊ नका, ऊर्जा नव्यानं तयार होत नाही, रासायनिक होती ती उष्णतेच्या रूपात आली.

खरा घोळ "शोषली" या शब्दाचा आहे. उष्णता शोषली म्हणजे पातेलं गरम होणार असं पोरांना वाटतं, कारण कोणी शोषली आणि कुणाकडनं हे वाक्यात येतच नाही. शिरोळ-करवीरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, फवारणीसाठी युरिया पाण्यात टाकला की बादली गार पडते. म्हणजे युरियानं विरघळताना पाण्याकडनं उष्णता घेतली, म्हणून पाणी गार. "कुणाकडनं" हा शब्द घातला की पोरांना लगेच कळतं, मी तर तो घातल्याशिवाय वाक्य पुरं झालं असं मानतच नाही. कळीचा चुना याच्या उलट, ५६ ग्रॅम चुना विरताना साधारण ६५ किलोज्यूल उष्णता पाण्याला आणि भांड्याला देतो आणि पाणी चक्क उकळायला लागतं.

पुस्तकातले उष्मादायी, उष्माग्राही हे शब्द मला फार आवडतात, देणारी आणि घेणारी अभिक्रियाच हे त्यात स्पष्ट आहे. उष्मादायीसाठी हिंदी पुस्तकांत असलेलं ऊष्माक्षेपी आपल्याकडं आणायची गरज नाही.

अजून एक, "बंध तुटला की ऊर्जा मिळते" हे वाक्य एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) शिकवताना सर्रास ऐकू येतं, ते चूक आहे. अणूंमधला बंध तोडायला ऊर्जा लागते, नवा जुळताना ती बाहेर पडते, आणि जुळताना जास्त पडली तरच अभिक्रिया उष्मादायी.