बाथरूमच्या भिंतीला काय लावावं?

पहिल्यांदाच बाथरूम नव्याने करताय, तर दुकानातल्या दिव्यांखाली टाइल पसंत करू नका. नमुना घरी आणा, बाथरूमच्याच उजेडात भिंतीला टेकवा, वर पाणी शिंपडा आणि ते सुकू द्या. गडद चकचकीत टाइलवर क्षारांचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात. फिकट मॅटवर ते लपतात.

शॉवरच्या भिंतीला मी पोर्सलिन, म्हणजे घट्ट, दाट भाजलेली टाइलच सुचवेन. ती जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते. साधी सिरॅमिक १० टक्क्यांहून जास्त शोषते, पण वरचा काचेसारखा थर शाबूत असेल तर भिंतीवर तीही उत्तम चालते. संगमरवर मलाही फार आवडतो, पण ॲसिडच्या क्लीनरचा एक थेंब पडला की तिथली झळाळी जाते. रोज काळजी घेणार असाल तरच लावा.

पीव्हीसी (प्लास्टिकची) पॅनेल झटपट बसतात, भाड्याच्या घरात ठीक.

आणि एक कळकळीने सांगतो, टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी सांध्यांतून आत मुरतं, म्हणून आधी भिंतीला वॉटरप्रूफिंगचा थर हवाच. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे बुजवायचा राळेचा मसाला, भरून घ्या. काम झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती काढून पुन्हा बसवायला लावा.