मोठा खेळाडू न घेता गेलेला उन्हाळा वाया गेला, असे म्हणावे का?

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या आपल्या आवडत्या संघाने या उन्हाळ्यात एकही नामांकित खेळाडू आणला नाही, तरुण खेळाडू तसेच ठेवले आणि "आमचा भर खेळाडू घडवण्यावर आहे" एवढेच सांगितले. याला दूरदृष्टी म्हणावे की टाळाटाळ, असे आपण विचारले आहे. जुलैमध्ये संघात कोण आले यावरून याचे उत्तर मिळत नाही, असे माझे मत आहे. आलेल्याच्या बदल्यात काय गेले आणि संघात आधीपासून असलेल्या कोणत्या खेळाडूला आता मैदानावर जास्त मिनिटे मिळणार, हे पाहावे लागते.

हे मला तोंडघशी पडल्यावर उमगले. 2019 च्या जुलैत लॉस एंजेलिस क्लिपर्स या संघाने कवाय लेनर्ड या नामांकित खेळाडूशी करार केला आणि त्याच्या जोडीला ओक्लाहोमा सिटी थंडरकडून पॉल जॉर्जला आणले, तेव्हा पुढची दोन-तीन विजेतेपदे यांचीच, असे मी मित्रांना छातीठोकपणे सांगितले होते. बदल्यात क्लिपर्सने ड्राफ्टच्या, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीतील पाच निवडींचे हक्क, आणखी दोन वर्षी निवडीचा क्रमांक बदलून घेण्याची मुभा, डॅनिलो गॅलिनारी आणि एकच हंगाम खेळलेला शाय गिल्जस-अलेक्झांडर एवढे सगळे दिले. पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी 10.8 गुण करणाऱ्या त्या पोराचे नाव मी बातमीत वाचले आणि पुढच्या ओळीकडे वळलो. तोच 2025 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्या हंगामात 68 सामने जिंकणाऱ्या थंडरने विजेतेपदही मिळवले. अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात 40 गुण करणारा जेलेन विल्यम्स हाही त्याच सौद्यात मिळालेल्या हक्कावर 2022 मध्ये बाराव्या क्रमांकाला निवडलेला होता. जॉर्जने 2024 मध्ये क्लिपर्स सोडले, तोवर त्या संघाने अंतिम फेरीचे तोंडही पाहिले नव्हते.

आता "खेळाडू घडवणे" म्हणजे नेमके काय, कारण हा शब्द व्यवस्थापनाच्या तोंडी फार सैल झाला आहे. ज्या लेनर्डसाठी क्लिपर्सने एवढे मोजले, त्याला 2011 मध्ये इंडियाना पेसर्सने पंधराव्या क्रमांकाला निवडून त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियो स्पर्सला देऊन टाकले होते. कॉलेजमध्ये तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे चारांतून जेमतेम एक बास्केट पडत असे. स्पर्सचे नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलँड यांनी पाहिले की तो चेंडू फार मागे, डोक्याच्या वर नेऊन सोडतो. त्यांनी चेंडू सोडण्याची जागा थोडी पुढे आणि खाली आणली. 1 जुलैपासून संघमालक आणि खेळाडूंच्या वादामुळे लीगला टाळे लागणार होते आणि मग संघाला खेळाडूशी संपर्कही ठेवता येणार नव्हता, त्यामुळे शिकवायला हाती मोजकेच दिवस होते. उरलेले महिने लेनर्डने तीच हालचाल एकट्याने घोटली. पहिल्याच हंगामात त्याचे प्रमाण 37.6 टक्क्यांवर गेले. घडवणे म्हणतात ते याला: एक नेमका दोष, तो ओळखणारा डोळा आणि शेकडो तास तेच तेच करण्याची खेळाडूची तयारी. अनुभवी खेळाडूही असा बदलू शकतो; ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांची अवघी 3 बास्केट केली होती आणि नवव्या हंगामात 134.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2023 च्या करारानंतर ज्या संघांचा वेतनखर्च ठरावीक वरच्या मर्यादेपलीकडे जातो, त्यांना दोन खेळाडूंचे वेतन एकत्र करून तिसरा महागडा खेळाडू आणता येत नाही. त्यामुळे स्वस्त करारावरचा, पण चांगला खेळणारा तरुण पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला आहे. आपल्या संघाचे मौन कदाचित यातूनही आले असेल.

तरीही संयमाच्या नावाखाली कंजूषपणा लपवता येतो, ही आपली शंका रास्त आहे. थंडरने 2020-21 मध्ये 72 पैकी 22 आणि पुढच्या हंगामात 82 पैकी 24 सामने जिंकले. पण त्या पराभवांत मिनिटे तरुणांनाच मिळत होती. शिवाय वेळ आल्यावर ते कठोरही झाले. सहाव्या क्रमांकाला निवडलेल्या जॉश गिडीला 2024 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत, प्रतिस्पर्धी तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळे सोडून देऊ लागले, तेव्हा त्याच उन्हाळ्यात त्याला देऊन अ‍ॅलेक्स करुसोला आणले आणि आयझाया हार्टेनस्टाइनसाठी तिजोरीही उघडली.

समर लीगमधल्या, म्हणजे उन्हाळ्यात प्रामुख्याने नव्या-तरुण खेळाडूंसाठी होणाऱ्या सराव-स्पर्धेतल्या, आकड्यांवर मात्र विसंबू नका. 2012 मध्ये लास वेगासला सर्वोत्तम खेळाडूचा मान डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी यांना विभागून मिळाला होता. लिलार्ड पुढे लीगमधला नामांकित खेळाडू झाला, सेल्बी लवकरच लीगबाहेर गेला. त्यापेक्षा हंगामाचे पहिले वीस सामने पाहा आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये, गुणफरक पाचाच्या आत असताना, आपले प्रशिक्षक त्या तरुणांना मैदानावर ठेवतात की बाकावर बसवतात, हे टिपून ठेवा. बसवत असतील, तर आपली टाळाटाळीची शंका खरी आहे.