दुधातली खनिजं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: साय काढून टाकली आणि दूध दोनदा उकळलं, तर कॅल्शियम कमी होतं का?

फारसं नाही. खनिजं स्निग्धांशात नसतात. गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि साय काढलेल्या दुधातही जवळपास तेवढंच. उकळल्याने खनिज जळत नाही. तळाला जो पांढरा थर धरतो, त्यात थोडं कॅल्शियम फॉस्फेट अडकतं, म्हणून तापवताना ढवळत राहा. दूध आटवलं तर कॅल्शियम वाढत नाही, फक्त पाणी उडाल्यामुळे दाट होतं. तुपात आणि लोण्यात मात्र कॅल्शियम शोधू नका.

प्रश्न: घट्ट चक्का आणि घरचं पनीर खाते. कॅल्शियम भरपूर मिळत असेल ना?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. दुधातलं सुमारे दोन तृतीयांश कॅल्शियम केसीन या प्रथिनाच्या कणांत फॉस्फेटबरोबर बांधलेलं असतं. आंबटपणा वाढला की ते सुटून पाण्यात उतरतं. दह्यात ते जवळजवळ सगळं विरघळलेलंच असतं. किलोभर दही टांगून अर्धा किलो पाणी गळू दिलं, तर निम्म्याच्या आसपास कॅल्शियम त्या पाण्याबरोबर जातं. चक्क्यात प्रथिनं दाट होतात, कॅल्शियम होत नाही. ते निवळ पाणी ओतू नका, कणीक मळायला किंवा ताकात वापरा.

पनीरचं गणित थोडं बरं आहे, कारण दूध गरम असताना फाडल्यामुळे बरंच कॅल्शियम गोळ्यात राहतं. पण लिंबू जास्त पडलं की तेही सुटतं आणि पनीर भुसभुशीत होतं. लिटरभर दुधाला दोन मोठे चमचे रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. पाणी हिरवट-पिवळं, स्वच्छ दिसलं की तिथेच थांबा. रेनेट (दूध आंबट न करता गोठवणारं विकर) घालून केलेल्या चेडरसारख्या चीजमध्ये १०० ग्रॅमला सुमारे ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम टिकतं, मात्र मीठही भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर फॉस्फरस आणि पोटॅशियमसाठी दुधाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रश्न: थायरॉइडची गोळी दुधाबरोबर घेतली तर?

घेऊ नका. कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्या आणि दूध-दही चार तासांनी. टेट्रासायक्लिन गटातल्या प्रतिजैविकांनाही असंच अंतर लागतं, ते किती हे औषध देणाऱ्याला विचारा.

प्रश्न: मुलगी दोन वर्षांची आहे. रोज लिटरभर दूध पिते, जेवत नाही. चालेल का?

नाही. लिटरभर दुधात लोह अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास आणि तिची रोजची गरज सात-आठ मिलिग्रॅमची. शिवाय पोट दुधाने भरतं आणि सोबतच्या अन्नातलं लोहही कमी शोषलं जातं. रक्तक्षय असाच होतो. दूध ५०० मिलीच्या आत आणा. बाटली बंद करून पेल्यातून द्या, जेवणाच्या आधी नको. ती फिकट किंवा मलूल दिसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासायला उशीर करू नका.