आईबद्दल दोन पानं काय लिहू?

प्रश्न : माझी आई गेल्या वर्षी प्रभूकडे गेली. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये तिची स्मरण उपासना आहे. तिच्याविषयी दोन पानं लिहून मीच वाचायची, असं भावंडांनी ठरवलंय. पण चार ओळींपुढे काही सुचत नाही. आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून लग्न होऊन नाशिकला आली. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. आईनं नोकरी केली नाही, कधी माईक हातात धरला नाही. घर, चर्च, महिला मंडळ आणि शिलाई मशीन, एवढंच तिचं जग. आमच्या मंडळीतल्या कितीतरी बाळांचे बाप्तिस्म्याचे झगे तिनं शिवले. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठून प्रार्थना करायची. तिच्या पवित्र शास्त्रात ठिकठिकाणी पेन्सिलीनं तारखा आणि एखादं अक्षर लिहिलेलं आहे, मधेमधे गॅसच्या पावत्या खोचलेल्या आहेत. आत्याशी तिचं बिनसलं होतं, बरीच वर्षं बोलणं नव्हतं. ते सांगावं का? आणखी एक : हिंदू शेजारी फोटोला हार आणणार आहेत, आमच्यातले काही नको म्हणतात.
– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : तुमच्या त्या चार ओळी मी न बघता सांगते. प्रेमळ, प्रार्थनाशील, कष्टाळू, आल्यागेल्याचं करणारी. बरोबर? स्मरणपत्रिकांची मुद्रितं तपासण्याचं काम माझ्याकडे पुष्कळदा येतं, आणि वरचं नाव झाकलं तर ती कुणाचीही आई असू शकते. यातलं काही खोटं नसतं, पण माणूस दिसत नाही.

पाळकसाहेब त्या दिवशी बहुधा नीतिसूत्राचा ३१वा अध्याय घेतील. सद्गुणी स्त्रीचं मोल माणकांहून अधिक, इथपर्यंत आपण सगळे माना डोलावतो. पुढच्या ओळी नीट वाचा. ती बाई लोकर आणि ताग मिळवते, रात्र सरायच्या आत उठून घरच्यांच्या जेवणाचं बघते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, चाती चालवते, तागाची वस्त्रं शिवून विकते. मूळ हिब्रूत या २२ ओळी वर्णमालेच्या एकेका अक्षरानं सुरू होतात. म्हणजे आलेफ या पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत बहुतेक कामंच कामं, आणि परमेश्वराचं भय धरणारी असा शब्द येतो तो अगदी शेवटाकडे. आपण मात्र शेवटचं आधी घेतो आणि कामं गाळतो.

त्याहून जवळचं उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांत आहे, ९व्या अध्यायात. यापोची टबीथा, म्हणजे दुर्कस, वारते. पेत्र माडीवरच्या खोलीत येतो तेव्हा विधवा रडत उभ्या असतात. त्या तिचे गुण सांगत बसत नाहीत. ती जिवंत असताना तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवतात.

आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य परत वाचा, झग्यांचं. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय! बाप्तिस्म्याचा झगा कुणी टाकून देत नाही. धाकट्याला घालतात, मग पेटीच्या तळाशी जातो. महिला मंडळाच्या बायकांना सांगा, ज्यांच्याकडे आईच्या हातचा झगा असेल त्यांनी तो उपासनेला घेऊन यावा. आधी एखादा स्वतः हातात घेऊन उलटा करून बघा. आतली शिवण, मागची बटणपट्टी, झालर धरताना घेतलेल्या चुण्या. शिवणाऱ्या बाईचा हात तिथे ओळखू येतो. खालची दुमड मोठी ठेवलीय का, म्हणजे पुढच्या बाळाला उसवून वाढवता येईल? कापड नवं आणलेलं आहे की कुणाच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीतून काढलंय? पैसे घ्यायची का, कुणाकडून घ्यायची आणि कुणाकडून नाही? तुमच्या दोन पानांतलं एक पान इथेच भरेल.

दुसरं पान शास्त्रात आहे. पावत्या काढून साफसफाई करू नका. आधी त्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्या, कारण पावतीवर तारीख असते आणि ती कोणत्या पानात होती हे एकदा हललं की गेलं. मग भावंडं एकत्र बसा. योहान ३:१६ शेजारची खूण सोडून द्या, ती आपल्या सगळ्यांच्याच शास्त्रात असते. पण स्तोत्र १२१ शेजारी जूनमधली तारीख आणि तुमच्या भावाच्या नावाचं पहिलं अक्षर असेल, तर तो दहावीचा निकाल होता की दवाखान्यातला दिवस? जुळलं तेवढंच लिहा. जे जुळणार नाही ते तिचं आणि देवाचं, त्यावर तर्क नको.

शरणपूरची, म्हणजे नाशिकमधल्या जुन्या मिशन वसाहतीची गोष्ट निघाली की मिशनरी येतात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं येतात, त्यांतले काही लिव्हिंग्स्टन या संशोधक-मिशनरीच्या आफ्रिकेतल्या मोहिमेवर गेले तेही येतं. यायलाच हवं. पण कापणीच्या सणाला कुणी किती भाकऱ्या थापल्या, नाताळच्या करंज्यांचं सारण कुणाच्या घरी परतलं जायचं, हे कुठेच येत नाही. ते लिहिणारं घरातलंच कुणी लागतं. आपल्या जवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपलं घर आणि संसार कागदावर उतरवला. वडिलांचं सोवळं, नवऱ्याशी झालेली भांडणं, टिळक ख्रिस्ती झाल्यावरची ताटातूट आणि पुढे स्वतःचा झालेला पालट, काही झाकलं नाही. आज त्या आठवणी ख्रिस्ती-हिंदू सगळे मराठी वाचक वाचतात, त्या त्यांतल्या भांडणांसकट.

हाराचं फार मनावर घेऊ नका. कबरीवर आपण फुलं वाहतोच. पण फोटोला हार घातला की काही जुन्या मंडळींना पूजेसारखं वाटतं, आणि चर्चच्या आत काय चालेल हे पाळकांनाच विचारावं. शेजाऱ्यांना सुटी फुलं आणायला सांगा, फोटोपुढे फुलदाणीत ठेवा. त्यांना उपासनेत पुढच्या बाकांवर जागा द्या आणि गाण्यांचं पुस्तक हाती द्या, नुसतं हाराचं बोलून सोडू नका.

राहिल्या आत्या. माझं मत विचाराल तर सांगावं. पहाटे प्रार्थना करणारी बाई नणंदेशी वर्षानुवर्षं बोलत नव्हती, हे ऐकून कुणाचा विश्वास डळमळणार नाही. उलट ती खरी वाटेल. मात्र भांडण कशावरून झालं ते नको, दोन वाक्यं पुरेत. आणि अबोल्यातही नाताळचा डबा आत्याकडे जात होता का, हे आधी विचारून घ्या. जात असेल तर लिहा, नसेल तर उगाच पाठवू नका. आत्या हयात असतील तर तो मजकूर उपासनेच्या आधी त्यांना घरी जाऊन वाचून दाखवा. त्या काही दुरुस्ती सांगतील, ती करा. काढूनच टाक म्हणाल्या, तर काढा.